विजेवरच्या सायकलने व्यायाम होत नाही, हे कितपत खरे?

‘विजेवरची सायकल म्हणजे नुसते बसून फिरणे, व्यायाम शून्य’ असा संदेश अनेक वर्षांपासून फिरत आहे. हा समज अगदीच निराधार नाही, कारण केवळ मूठ पिरगाळून सायकल पळवल्यास पायांना खरोखरच काम उरत नाही. मात्र पॅडल-असिस्ट या प्रकारात पॅडल फिरल्याचे किंवा त्यावर जोर पडल्याचे सेन्सरला कळल्यावरच मोटार साथ देते आणि पाय थांबले की तीही थांबते. म्हणजे श्रम कमी होतात, संपत नाहीत.

याची पडताळणी घरच्या घरी करता येते. एकाच चढावर एकदा मोटार बंद ठेवून आणि पुरेशा विश्रांतीनंतर एकदा सुरू ठेवून सायकल चालवावी, थांबताच नाडीचे ठोके १५ सेकंद मोजावेत व त्यांना ४ ने गुणावे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही इतका दम लागत असेल, तर तो मध्यम व्यायामच होय. तोरणमाळच्या घाटात एरवी सायकल ढकलत नेणारा माणूस या मदतीने पॅडल मारत वर जाऊ शकतो, आणि माझ्या मते खरा लाभ हाच आहे.

उणिवाही आहेत. बॅटरी संपल्यावर २० किलोंहून जड असू शकणारी ही सायकल पायांच्याच बळावर ओढावी लागते. शिवाय जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात ती तासन्‌तास उन्हात उभी राहिल्यास लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य घटते, म्हणून तापलेली बॅटरी सावलीत निवल्यावरच चार्जिंगला लावावी.