भिशीची बोली आणि मनातलं घड्याळ

आमच्या सोसायटीत लिलावाची भिशी चालते. वीस जणांचे पाच-पाच हजार, महिन्याला एक लाख. नड असेल त्याने बोली लावून कमी पैशांत भिशी उचलायची, सोडलेली रक्कम बाकीच्यांत वाटली जाते. गेल्या खेपेला शेजारच्या काकूंनी पहिल्याच महिन्यात पंधरा हजार सोडले. नड काहीच नव्हती. ‘वीस महिने कोण थांबतंय!’

अशा माणसाला उतावळा म्हणून आपण मोकळे होतो. माझा संशय मात्र मनातल्या घड्याळावर आहे.

2009 साली गाल झाउबरमन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी लोकांना 3 महिने, 1 वर्ष, 3 वर्षं हे काळ किती लांब वाटतात ते रेघेवर दाखवायला सांगितलं. वर्ष म्हणजे तीन महिन्यांची चौपट, पण रेघ चौपटीच्या जवळपासही गेली नाही. पुढचा काळ मनात आक्रसतो. अंधाऱ्या खोलीत एक पणती लावली की लख्ख फरक पडतो; पन्नास पणत्यांत एकावन्नावी कोणाला कळते? संवेदनांचा हा लॉगरिथमी हिशेब, म्हणजे किती वाढलं यापेक्षा किती पट वाढलं ते मोजणारा, जर्मन शास्त्रज्ञ फेखनरने 1860 मध्येच मांडला होता.

आता खरी गंमत. आकडेमोडीचा कंटाळा असेल त्याने हा परिच्छेद सोडावा. मन गुणोत्तर मोजतं असं धरू. सोयीसाठी आजला 1 म्हणा, उद्याला 2. मग तिसाव्या दिवसाला 31 आणि एकतिसाव्याला 32. आज ते उद्या दुप्पट, तीस ते एकतीस जेमतेम तीन टक्के. लॉगरिथम घेतले तर 0.69 आणि 0.03. दोन्हीकडे अंतर एकाच दिवसाचं, पण पहिला दिवस मनाला जवळजवळ बावीसपट लांब! उशिरा मिळणाऱ्या पैशाची किंमत मनात घटत जाते; या मनातल्या काळावर ती घट अगदी शिस्तीत, एकाच दराने चक्रवाढ लावा. घड्याळाच्या काळात तिचा आलेख अपास्तासारखा (हायपरबोला) वळतो: आधी कडा, मग माळरान. संशोधक जॉर्ज एन्स्ली यांना 1970 च्या दशकात कबुतरांच्या दाणे निवडण्यातही याच धाटणीची घाई दिसली होती. दर बदललेलाच नाही, फूटपट्टी वाकडी आहे.

जाता जाता: एका प्रसिद्ध प्रयोगात मुलांना मार्शमॅलो ही मिठाई आत्ता एक की थांबून दोन, असं विचारलं होतं. ‘मार्शमॅलोसाठी थांबलेलं मूल पुढे यशस्वी’ असं सांगून संयमाचे क्लास विकणाऱ्यांपासून जपा. 2018 मध्ये नऊशेच्या आसपास मुलांवर हा संबंध पुन्हा तपासला, तेव्हा तो बराच कमी भरला; घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तर आणखी आटला.

फूटपट्टी वाकडी आहे याचा पुरावा 2005 च्या एका प्रयोगात सापडतो. डॅनियल रीड आणि सहकाऱ्यांनी ‘अमुक महिन्यांनी’ऐवजी थेट तारीख सांगितली, तर लोक जास्त थांबायला तयार झाले.

यंदा काकूंना मी ‘आठ महिन्यांनी’ म्हटलंच नाही. ‘दिवाळीच्या आधी उचला’ म्हटलं. त्यांनी सोन्याचा भाव विचारला आणि बोली लावायचं राहूनच गेलं.