वर्गातल्या चांदणीमागचा इतिहास

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांत मुलांच्या नावांपुढे चांदण्या चिकटवलेला तक्ता आता ओळखीचा झाला आहे. रांग न मोडल्याबद्दल किंवा दुसऱ्याचे बोलणे ऐकून घेतल्याबद्दल मिळणाऱ्या या चांदणीमागची कल्पना मात्र दोनशे वर्षांहून जुनी आहे.

१७९८ मध्ये लंडनमध्ये शाळा सुरू करणाऱ्या जोसेफ लँकेस्टरने शेकडो मुलांचा वर्ग छडीविना सांभाळण्यासाठी गुणांची तिकिटे वाटली; ठरावीक तिकिटे साठली की बक्षीस मिळे. तोच लँकेस्टर चुकणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवी, हेही विसरता येत नाही. बक्षीस आले म्हणून अपमान आपोआप जात नाही.

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेपासून ‘छडी लागे छम छम’ हेच सूत्र रुळले होते. १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत राहिलेल्या मराठवाड्यात सरकारी शिक्षणावर उर्दूचा पगडा होता, त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या अनेक मुलांना धड्याआधी परक्या भाषेची धास्ती वाटत असणार. पुढे मुलांना मारणे कायद्याने थांबले ते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मुळे, आणि शिस्तीसाठी दुसरा मार्ग शोधणे शिक्षकांना भाग पडले.

तो मार्ग मानसशास्त्राने आधीच चाचपला होता. १९५३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात जाऊन बसले, तेव्हा उत्तर बरोबर की चूक हे मुलांना वेळेवर कळतच नाही, ही गोष्ट त्यांना खटकली. शाबासकी कृतीच्या लगोलग मिळावी, हा त्यांचा आग्रह होता. १९६९ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यात चौथीच्याच एका वर्गाचे दोन संघ करून नियम कमी मोडणाऱ्या संघाला जादा मोकळा वेळ व इतर सवलती दिल्या गेल्या आणि गोंधळ लक्षणीय घटला. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी दुसरी बाजू दाखवली: चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी प्रमाणपत्राचे आमिष दाखवले, तर नंतर ती चित्रांकडे कमी वळतात, अनपेक्षित मिळालेल्या प्रमाणपत्राने मात्र ही ओढ घटली नाही. माझ्या मते प्रत्येक शिक्षकाने हा प्रयोग समजून घ्यायलाच हवा. जे मूल आपणहून पुस्तक उघडते, त्याला त्यासाठी चांदणी देऊ नये.

मराठवाड्यापुरता आणखी एक प्रश्न उरतो. महाराष्ट्र शासनाने १९९२ पासून दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेच्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला, आणि हजेरीला बक्षीस देण्याची रीत तेव्हापासून परिचयाची झाली. पण बीड, धाराशिव, जालना जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कोयत्याबरोबर फडात गेलेल्या मुलाच्या नावापुढची ओळ तक्त्यावर रिकामीच राहते, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो. अशा मुलाच्या चांदण्यांची मोजणी ते गावी परतल्या दिवसापासून सुरू करावी, आणि पहिली चांदणी ते परत आले याबद्दलच द्यावी.