डोंगलचा दिवा लागला, पण गाडी बोलेना

स्टिअरिंगखाली वाकायचं, मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात सोळा पिनांचं सॉकेट शोधायचं आणि त्यात काडेपेटीएवढं डोंगल, म्हणजे गाडीच्या बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारं यंत्र, दाबून बसवायचं. त्याचा लाल दिवा लागला की अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. मग अ‍ॅप उघडावं, तर 'कनेक्ट होत आहे'चं चक्र नुसतं गरगरत राहतं. माझं पहिलं डोंगल मी अशाच वैतागात परत पाठवायला म्हणून खोक्यात भरलं होतं. ते ठणठणीत होतं. मी गाडीची चावीच फिरवली नव्हती.

तो दिवा फसवा असतो. सॉकेटच्या सोळाव्या पिनेवर बॅटरीचे १२ व्होल्ट कायम हजर असतात, चावी फिरवलेली असो वा नसो. त्यामुळे डोंगल बसवताक्षणी जागं होतं. पण त्याला ज्याच्याशी बोलायचंय ते इंजिनाचं कंट्रोल युनिट, म्हणजे ईसीयू, तेव्हा झोपलेलं असतं. चावी 'ऑन'वर न्यायची, डॅशबोर्डवरचे दिवे लागले पाहिजेत. बटणाच्या गाडीत बहुतेक वेळा ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं की हे साधतं. इंजिन सुरू नसलं तरी चालतं.

एवढं करूनही जुळेना, तर आधी एक गोष्ट ठरवायची: नक्की कोण कुणाशी बोलत नाहीये? इथं संभाषणं दोन आहेत. फोन आणि डोंगल यांच्यातलं बिनतारी, डोंगल आणि गाडी यांच्यातलं तारेवरचं. अ‍ॅपला डोंगलच सापडत नसेल तर दोष पहिल्यात, त्यात गाडीचा काही संबंध नाही. डोंगल सापडलं, पण 'ईसीयू सापडत नाही' असं आलं तर दोष दुसऱ्यात, आणि फोनच्या सेटिंग्ज कितीही चिवडल्या तरी उपयोग नाही. लोक हमखास उलटं करतात.

पहिल्या संभाषणात खरी गोची डोंगलच्या प्रकाराची असते. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचं डोंगल अँड्रॉइड फोनला नीट चालतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पेअर करायचं, पिन विचारली तर १२३४ किंवा ०००० टाकायची. हेच डोंगल आयफोनला सहसा चालत नाही, कारण अशा जुन्या ब्लूटूथवर अ‍ॅपशी बोलायचं तर त्या उपकरणाला अ‍ॅपलची मान्यता लागते. आयफोनसाठी मग ब्लूटूथ लो एनर्जीचं किंवा वाय-फायचं डोंगल लागतं. लो एनर्जीवाल्याचं तंत्र नेमकं उलटं: ते सेटिंग्जमधून पेअर करायचंच नाही, अ‍ॅपच्या आतूनच शोधायचं. आधी सेटिंग्जमधून जोडून ठेवलं असेल तर काही वेळा अ‍ॅपला ते दिसतच नाही.

वाय-फायचं डोंगल स्वतःच एक छोटं नेटवर्क उभं करतं. फोन त्याला जोडायचा आणि अ‍ॅपमध्ये पत्ता द्यायचा. बहुतेक डोंगलांचा तो १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असतो. इथं फोनचा शहाणपणा आडवा येतो. या नेटवर्कला इंटरनेट नाही हे बघून तो परस्पर मोबाइल डेटावर उडी मारतो, आणि अ‍ॅप बिचारं रिकाम्या खोलीत हाका मारत बसतं. थोडा वेळ मोबाइल डेटा बंद ठेवला की प्रश्न मिटतो.

अँड्रॉइडवर अ‍ॅप लोकेशनची परवानगी मागतं तेव्हा भुवया उंचावतात. संशय रास्त आहे, पण कारण साधं आहे. आसपासची ब्लूटूथ उपकरणं कोणती, यावरून तुम्ही कुठे आहात याचा अंदाज बांधता येतो, म्हणून अँड्रॉइड ६ पासून असा शोध घेण्यासाठी लोकेशनची परवानगी लागू लागली. अँड्रॉइड १२ पासून 'जवळची उपकरणं' अशी वेगळी परवानगी आली आहे. आणि हो, घरातल्या दुसऱ्या फोनने ते डोंगल आधीच धरून ठेवलेलं नाही ना, हेही बघावं.

आता दुसरं संभाषण, आणि मला विचाराल तर खरी मजा इथंच आहे. हे सॉकेट गाडीत आलं ते मालकाच्या सोयीसाठी नाही, धुरासाठी. लॉस एंजेलिसवर दाटणारं डोळे चुरचुरवणारं धुकं म्हणजे गाड्यांचा धूर आणि सूर्यप्रकाश यांच्यातली रासायनिक क्रिया आहे, हे एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. कॅलिफोर्नियाने पुढे नियम कडक केले, गाडीने स्वतःच्या धुराची तपासणी स्वतः करावी आणि बिघाड नोंदवून ठेवावा, असा आग्रह धरला. त्यातून ओबीडी-२ हे मानक आलं आणि १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना ते बंधनकारक झालं. युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ मध्ये. म्हणून साधा स्कॅनर इंजिन आणि धूर यांबद्दल भरभरून सांगतो, पण एअरबॅग किंवा ब्रेकच्या एबीएसबद्दल विचारलं की बहुधा गप्प बसतो. ते विषय मानकाच्या सक्तीबाहेरचे. तिथं प्रत्येक कंपनीची बोली वेगळी.

सुरुवातीला तारेवरची भाषाही एक नव्हती. सातव्या पिनेवर सेकंदाला जेमतेम १०,४०० बिट पाठवणारी एक रीत होती, दुसऱ्या आणि दहाव्या पिनेवर आणखी वेगळी. २००८ पासून अमेरिकेत सगळ्यांनी 'कॅन' हीच भाषा बोलायची असं ठरलं. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगासमोर आणली होती. सहाव्या आणि चौदाव्या पिनांना जोडलेल्या, एकमेकींभोवती पीळ घातलेल्या या दोन तारा. बोलताना एकीवरचा विद्युतदाब वर जातो, दुसरीवरचा खाली, आणि ऐकणारा फक्त दोघींतला फरक मोजतो. स्पार्क प्लगच्या ठिणग्यांचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो, त्यामुळे फरक तसाच राहतो. इंजिनाच्या कुशीत बसून सेकंदाला पाच लाख बिट बिनचूक पाठवायचे, तर असलीच युक्ती हवी.

या सगळ्या बोली फोनला शिकवत बसण्यापेक्षा मध्ये दुभाषा ठेवावा, हे काम डोंगलमधल्या ईएलएम३२७ नावाच्या चिपने केलं. एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या छोट्या कंपनीची ही चिप. तिच्या पहिल्या आवृत्तीतल्या प्रोग्रामला कुलूप नव्हतं, मग नकलांचा पूर आला. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला अजून जोरात आहेत. '१.५ आवृत्ती' असं सांगणारी डोंगलं पुष्कळ दिसतात. मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती काढलीच नव्हती. म्हणून ती टाकाऊ ठरतात असं नाही. साधे कोड वाचायला बरीचशी चालतात, फक्त काही आज्ञा त्यांना कळत नाहीत आणि काही गाड्यांपुढे ती मुकी होतात.

पुष्कळ अ‍ॅपमध्ये डोंगलला थेट आज्ञा लिहायचा, टर्मिनल नावाचा एक कोपरा असतो. तिथं एकदा डोकावून बघाच. 'एटीझेड' लिहिलं की दुभाषा नव्याने सुरू होऊन आपलं नाव सांगतो. ही 'एटी'ची रीत १९८१ च्या हेज मोडेममधून आलेली, 'अटेन्शन'मधली पहिली दोन अक्षरं. 'एटीएसपी०' म्हणजे गाडीची भाषा तूच ओळख. मग '०१०सी' लिहायचं: ०१ म्हणजे 'आत्ताची माहिती दे', ०सी म्हणजे इंजिनाचे फेरे. उत्तर येतं, ४१ ०सी १ए एफ८. हे आकडे दहाच्या नाही, सोळाच्या पायावर मोजलेले, त्यात दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरं. पहिल्या आकड्यात ४० मिळवले आहेत, ती पोच. १ए म्हणजे २६, एफ८ म्हणजे २४८. २६ गुणिले २५६, अधिक २४८, भागिले ४. मिनिटाला १,७२६ फेरे. अ‍ॅपमधला तो झोकात डुलणारा काटा म्हणजे एवढंच गणित, पुन्हा पुन्हा. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत पुढचा प्रश्न थांबतो, म्हणून स्क्रीनवर बारा काटे मांडले की सगळेच रेंगाळतात. तीन-चारच ठेवावेत.

काम झालं की डोंगल काढून ठेवावं. समजा ते ५० मिलिअँपिअर खातं, दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिनाभर उभ्या गाडीत ३६. साधारण ४५ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर परत आल्यावर गाडी ढकलावी लागणार. शिवाय १२३४ ही पिन सगळ्या जगाला ठाऊक आहे.

आता डॅशबोर्डवर इंजिनाचा बिघाड सांगणाऱ्या पिवळ्या दिव्याकडे. माझ्या गाडीत तो लागला तेव्हा स्कॅनरने दाखवलं, पी०१७१. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, १ म्हणजे हवा-इंधनाचं मोजमाप. अर्थ: मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. गॅरेजवाल्याने फोनवर ऐकून लगेच 'ऑक्सिजन सेन्सर बदला' म्हटलं. पण कोड हा साक्षीदार असतो. सेन्सरला काय दिसलं तेवढं तो सांगतो, गुन्हेगाराचं नाव नाही.

पेट्रोलच्या एका ग्रॅमला हवा लागते १४.७ ग्रॅम. धुरात ऑक्सिजन जास्त दिसला की ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि किती टक्के वाढवावं लागलं याची नोंद ठेवतो. या नोंदीला फ्युएल ट्रिम म्हणतात. मी '०१०७' विचारलं, म्हणजे दीर्घकाळची ट्रिम. इंजिन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसतं सुरू असताना उत्तर आलं ४१ ०७ ९सी. ९सी म्हणजे १५६. त्यातून १२८ वजा करून १२८ ने भागलं, की जवळजवळ २२ टक्के. इंजिनाला सवयीपेक्षा जवळपास पाव पट जास्त पेट्रोल पाजावं लागत होतं. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून फेरे २,५०० वर धरून ठेवले, तर आकडा हळूहळू ५ वर उतरला.

सगळं गुपित या उतरण्यात आहे. सेन्सरच खोटं बोलत असता किंवा पेट्रोलचा पंप दमला असता, तर जास्त फेऱ्यांना आकडा असा सुधारला नसता. पण हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे कुठे फट असेल, तर तिथून न मोजलेली हवा आत शिरते. आयडलवर इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, म्हणून ही चोरटी हवा त्यात मोठा वाटा उचलते. फेरे वाढले की तिचा हिस्सा नगण्य होतो. बॉनेट उघडून, इंजिन सुरू ठेवून कान दिला तर इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डजवळ बारीक फुसफुस ऐकू येत होती. बोटाएवढ्या रबरी होजला वळणाच्या आतल्या बाजूने चीर गेली होती. वरून बघितलं तर दिसलीही नसती.

होज बदलली, कोड पुसला. या पुसण्याबद्दल मात्र सावध. अ‍ॅपमधलं ते बटण नुसता दिवा विझवत नाही, बिघाडाच्या क्षणी टिपलेले आकडेही जातात आणि गाडीने स्वतःच्या केलेल्या चाचण्याही शून्यावर येतात. म्हणून आधी स्क्रीनशॉट, मग पुसणं. धुराच्या तपासणीत जिथं हे सॉकेटही वाचलं जातं, तिथं आदल्या रात्री दिवा पुसून नेणाऱ्यांना यंत्र लगेच ओळखतं, कारण सगळ्या चाचण्या 'अपूर्ण' दिसतात. माझ्याही दिसत होत्या. मिसफायरची, म्हणजे इंधन नीट पेटतंय का याची, त्याच संध्याकाळी पूर्ण झाली, ऑक्सिजन सेन्सरची दुसऱ्या दिवशी. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची काही केल्या होईना. त्याला एका लयीत, बराच वेळ गाडी चाललेली लागते. चौथ्या दिवशी हायवेवर अर्धा तास एका वेगाने गेलो, चहाला थांबलो तेव्हा डोंगल लावून बघितलं. ट्रिम ३ टक्के, आणि ती शेवटची ओळही हिरवी झालेली.