तरंगते छत (साठवण टाकी)

तरंगते छत : पेट्रोल, नाफ्ता, कच्चे तेल, इथेनॉल अशा लवकर उडून जाणाऱ्या द्रवांच्या मोठ्या टाक्यांत थेट द्रवावर तरंगणारे आणि पातळीबरोबर वर-खाली होणारे झाकण. कारखान्यात याला सरसकट ‘फ्लोटिंग रूफ’ म्हणतात. छत म्हटले तरी ऊनपाऊस अडवणे हे त्याचे मुख्य काम नव्हे; द्रवावर मोकळी जागा उरू न देणे हे आहे. लोणच्यावरचा तेलाचा थर बरणी रिकामी होईल तसा खाली उतरत जातो, तसेच हे.

कोल्हापूर भागात गोठ्यामागची गोबरगॅसची तरंगती टाकी बहुतेकांनी पाहिलेली असते, त्यामुळे तीच डोळ्यांसमोर येते. साम्य अर्धेच आहे. खादी आयोगाच्या पद्धतीच्या त्या संयंत्रातला ड्रम पोटात वायू साठवण्यासाठी तरंगतो आणि वायू वाढला की वर येतो. तरंगते छत मात्र आपल्याखाली वायू साठूच नये म्हणून द्रवाला चिकटून बसते.

पक्क्या छताच्या टाकीत द्रवाच्या वर हवा आणि वाफ यांचे मिश्रण असते. दिवसा पत्रा तापला की ते फुगते आणि ब्रीदर व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. रात्री टाकी निवली की बाहेरची वाफ नसलेली हवा आत येते आणि द्रव तिलाही वाफेने भरतो. हा टाकीचा ‘श्वास’. एक थेंबही न काढता माल घटतो तो असा. टाकी भरताना तर जितका द्रव आत जातो जवळपास तितकेच मिश्रण बाहेर ढकलले जाते. हे नुकसान थांबवण्यासाठी 1920 च्या दशकात अमेरिकेतील तेलउद्योगात तरंगती छते आली. साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीला त्यांची गरज नसते. मळी उडून जात नाही, तिथला त्रास उष्णतेचा आणि फेसाचा.

सुरुवातीची छते परातीसारखी, काठ वर वळवलेली होती. त्यांना भोक पडले की ती परातीसारखीच बुडत. आता परिघावर बंद पोकळ कप्प्यांचे कडे असते, त्याला पाँटून म्हणतात; मध्ये एकेरी पत्रा असतो. मोठ्या टाक्यांत किंवा जास्त पावसाच्या जागी पूर्ण छतच दुहेरी पत्र्याचे करतात. शेजारचे दोन कप्पे आणि मधला पत्रा फुटला तरी छत तरंगले पाहिजे, अशी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या एपीआय 650 या टाक्यांच्या मानकाची अट आहे.

छत आणि भिंत यांमध्ये साधारण 200 मिलिमीटर फट ठेवावी लागते, कारण टाकी कधीच नेमकी गोल नसते आणि पाया खचला की आणखी वाकडी होते. खरी कारागिरी या फटीत आहे. भिंतीला दाबून धरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या किंवा फोम भरलेली रबरी गादी हे फट बुजवणारे पहिले सील, त्यावर दुसरे. छत गोल फिरू नये म्हणून एक उभा खांब त्यातून आरपार जातो, आणि त्याच्या भोकातूनही वाफ निसटते. वीज पडून आग लागलीच, तर ती बहुधा या सीलपाशी लागते. म्हणून आग विझवणारा फेस सोडण्याचे नळही काठावरच रोखलेले असतात.

उघड्या, म्हणजे वर दुसरे छप्पर नसलेल्या तरंगत्या छताचा मोठा शत्रू पाऊस. 30 मीटर व्यासाच्या छतावर 1 सेंटिमीटर पाणी साचले, तर 7 टन वजन चढते. ते पाणी छताच्या मध्यातून, टाकीतल्या द्रवातूनच जाणाऱ्या लवचीक नळीने बाहेर काढतात. नळी तुंबली तरी 24 तासांत 250 मिलिमीटर पाऊस छताने पेलावा, असे हेच मानक सांगते. म्हणजे या टाकीवर सुमारे 177 टन. 2017 मध्ये हार्वे वादळाच्या पावसात टेक्सासमधली अशी अनेक छते बुडाली किंवा कलली. गगनबावड्याचा पाऊस माहीत असणाऱ्याला हा आकडा कागदी वाटणार नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांत तयार होणाऱ्या इथेनॉलला तर उघडे छत चालतच नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल किमान 99.5 टक्के शुद्ध लागते आणि ते पाणी सहज ओढून घेते. म्हणून वर पक्के छत आणि आत हलके, बहुधा ॲल्युमिनियमचे तरंगते छत, अशी जोडी वापरतात. दोन्हींमधली जागा झरोक्यांनी खेळती ठेवतात.

इथे घटीपेक्षा आगीचा हिशेब मोठा आहे. पेट्रोलच्या बंद टाकीतली वाफ सहसा इतकी दाट असते की हवा अपुरी पडून पेट घेत नाही. इथेनॉलची वाफ हवेत सुमारे 3 ते 19 टक्के असताना पेटते, आणि 20 ते 30 अंश सेल्सिअसला बंद टाकीत ती साधारण 6 ते 10 टक्के भरते. कोल्हापूरच्या नेहमीच्या हवेत ती बरोबर या पट्ट्यात बसते.

टाकी फार उपसली की छत आपल्या पायांवर टेकते. पाय दोन उंचींवर लावता येतात : रोजच्या कामासाठी साधारण एक मीटर, माणूस आत जाऊन साफसफाई करणार असेल तेव्हा दोन. टेकण्याआधी छतावरचा व्हॉल्व्ह आपोआप उघडून हवा आत घेतो, नाहीतर पोकळी होऊन पत्रा चेपेल. पण त्या हवेबरोबर छताखाली पुन्हा वाफेची जागा तयार होते. म्हणून पाय टेकणार नाहीत इतका माल टाकीत कायम ठेवतात; साठ्याच्या वहीत तो ‘डेड स्टॉक’ म्हणून लागतो.