‘बोल्ट-ऑन’ शब्दाने घातलेला घोळ: घरच्या गॅरेजातल्या हॉट रॉडची पार्श्वभूमी

घरच्या गॅरेजात हॉट रॉड (जुन्या गाडीत जास्त ताकदीचं इंजिन आणि बदललेले पार्ट घालून केलेली गाडी) बांधणाऱ्या कुणाचीही वही उघडून बघा, काम पुढे सरकल्यापेक्षा अडल्याच्याच नोंदी जास्त सापडतील. स्टेअरिंग कॉलम बसला पण ब्रेकच्या पेडलला घासतोय, हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) लागले पण आता स्टार्टर खालून निघत नाही, मागचा अॅक्सल आला आणि त्याच्या चाकाच्या बोल्टचं सर्कल (बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) पुढच्याशी जुळेना. नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच काही येत नाही. बऱ्याचदा तसं नसतं, ह्यातल्या निम्म्याहून जास्त अडचणी कारखान्यांनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी काय बदललं आणि काय तसंच ठेवलं ह्यातून आलेल्या असतात, आणि ते एकदा कळलं की निदान स्वतःला दोष देण्यात रात्र जात नाही.

कॅलिफोर्नियातले म्यूरॉक आणि एल मिराजचे कोरडे तलाव, तिथं वेग आजमावणारे रोडस्टर (उघड्या टपाच्या गाड्या), १९३२ च्या फोर्डला ‘ड्यूस’ का म्हणतात वगैरे सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ते सोडून देतो. गॅरेजातल्या माणसाच्या दृष्टीनं त्या काळातली एकच गोष्ट महत्त्वाची: फोर्डनं मॉडेल टी पासून थेट १९४८ पर्यंत पुढे-मागे आडवी पाट्यांची स्प्रिंग आणि पुढे अखंड अॅक्सल ही रचना सोडलीच नाही. बाकी कंपन्या पुढे गेल्या, फोर्ड अडून बसली, आणि ह्या अडून बसण्याचा सगळा फायदा झाला तो जंकयार्डमधून पार्ट उचलणाऱ्या पोरांचा. १९३२ च्या गाडीला कारखान्यातून मेकॅनिकल ब्रेक, म्हणजे सळ्यांवर चालणारे, पण १९३९ ला फोर्डनं हायड्रॉलिक ब्रेक आणले आणि ते जुन्या गाडीला चढवता यायला लागले, बेअरिंगच्या जागी एखादी कडी घालायची, मास्टर सिलिंडरला जागा करायची आणि झालं. तीच गोष्ट इंजिनची, १९३२ चा फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाही, ब्लॉकमध्ये असलेला) आठ सिलिंडरचा व्ही-एट २२१ क्युबिक इंचाचा आणि ६५ हॉर्सपॉवरचा, त्याच्या जागी पुढचा मर्क्युरीचा २३९ चा आणि १९४९ नंतर २५५ चा ब्लॉक, थोडीफार खटपट करून बसायचाच.

मग दुसरं महायुद्ध. जानेवारी १९४२ ला अमेरिकेत टायरचं रेशनिंग, फेब्रुवारीत नागरी गाड्यांचं उत्पादन बंद, पुढे पेट्रोलवरही कूपन. युद्धावरून परत आलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना लेथ, वेल्डिंग, इंजिन उघडणं-जोडणं सरकारी खर्चानं शिकायला मिळालेलं होतं, आणि लॉस एंजेलिसच्या आसपास नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. एकट्या लेकवूडमध्ये १९५० पासून तीनेक वर्षांत १७,५०० घरं झाली. हॉट रॉड रस्त्यावरून आणि भाड्याच्या शेडमधून ‘घरच्या गॅरेजात’ गेला तो ह्याच सुमारास. काम आता संध्याकाळचं झालं, जेवणानंतरचे दोन तास आणि शनिवार-रविवार. आजही वेळ तेवढाच असतो.

आता मुख्य मुद्दा, ‘बोल्ट-ऑन’, म्हणजे कापाकापी किंवा वेल्डिंग न करता नुसता बोल्टनं बसणारा पार्ट. हा शब्द सगळे वापरतात आणि प्रत्येक जण वेगळ्या अर्थानं वापरतो, म्हणून तो जरा उलगडून बघू.

पहिला अर्थ वर सांगितला तो. एका सालचा फोर्डचा पार्ट दुसऱ्या सालच्या फोर्डला लागणं. हा खरा बोल्ट-ऑन, कारण दोन्हीचे माप एकाच ड्रॉइंगच्या घराण्यातून आलेले.

दुसरा अर्थ स्पीड पार्टवाल्यांचा. अॅल्युमिनियमचे फिन असलेले हेड, दोन किंवा तीन कार्ब्युरेटरचा मॅनिफोल्ड, म्हणजे कारखान्याचा पार्ट काढायचा आणि त्याच भोकांवर हा कसायचा. इथं अडचण बसवताना येत नाही, काढताना येते. फ्लॅटहेडला प्रत्येक बाजूला २१ किंवा नंतरच्या मॉडेलला २४ स्टड, अॅल्युमिनियमचं हेड आणि लोखंडी स्टड वर्षानुवर्षं पाण्यात एकत्र राहिले की दोघं एकमेकांना धरून बसतात आणि मग एक हेड सोडवायला पेनिट्रेटिंग तेल, उष्णता, हलके ठोके असा आठवडा सहज जातो. हेड निघालं की खाली काय आहे ते दिसतं. फ्लॅटहेडमध्ये एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जॅकेटमधून जातात, त्यामुळे इंजिन तापतं आणि व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरकडे तडे जातात. ह्या इंजिनचं काम आजही हातात घेणाऱ्यानं एकही पार्ट विकत घ्यायच्या आधी ब्लॉक गरम टाकीत साफ करून तडे तपासून घ्यावा, हे मी कळकळीनं सांगतो, कारण महागडे हेड, क्रँक, पिस्टन गोळा करून झाल्यावर ब्लॉक बाद निघाल्याची उदाहरणं थोडी नाहीत. जॅकेटमध्ये ओतकामाच्या वेळची वाळू आणि गंज मिळून घट्ट झालेला गाळ असतो तो पण तारेनं खरवडून काढावा लागतो, नाहीतर कितीही मोठा रेडिएटर लावा, इंजिन तापणारच.

तिसरा अर्थ अॅडाप्टरवाला. १९४९ ला कॅडिलॅकचा ३३१ क्युबिक इंचाचा आणि ओल्ड्समोबिलचा ३०३ चा हे ओव्हरहेड व्हॉल्व्हचे (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेले) व्ही-एट आले आणि लगेच त्यांना फोर्डच्या तीन स्पीडच्या गिअरबॉक्सला जोडणाऱ्या अॅडाप्टर प्लेट मिळायला लागल्या. प्लेट अगदी बोल्टवर बसायची, त्यात खोट नव्हती. पण मागचा गिअरबॉक्स आणि मागचे अॅक्सल शाफ्ट फ्लॅटहेडच्या ताकदीसाठी केलेले, तेव्हा सोमवारी जोडलेलं इंजिन शनिवारी गिअरचे दात घेऊन जायचं. म्हणजे एक पार्ट बोल्टवर बसला की त्यानं पुढच्या तीन पार्टचं काम काढून ठेवलं. ही साखळी तेव्हा सुरू झाली आणि आजतागायत तुटलेली नाही.

१९५५ ला शेव्रोलेचा २६५ आला आणि मग सगळं चित्रच फिरलं. हलका, स्वस्त, पार्ट सगळीकडे, आणि १९६७ पासूनचा ३५० तर घरोघरी. पण फोर्डच्या खोबणीत शेव्रोले बसवताना काय होतं बघा: डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना ठिणगी वाटणारा) इंजिनच्या मागच्या टोकाला, तो फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) भिडतो, मग फायरवॉल कापून आत खोलगट करायचा नाहीतर इंजिन पुढे ढकलायचं, पुढे ढकललं की फॅन रेडिएटरला लागतो. डाव्या बाजूचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टेअरिंग बॉक्सवर येतो. काही जण म्हणतात फोर्डमध्ये फोर्डचंच इंजिन असावं, भावना पटते, पण फोर्डच्या १९६२ नंतरच्या छोट्या व्ही-एटचा डिस्ट्रिब्युटर पुढे असला तरी ऑइल पॅनची खोल बाजूही पुढे असते आणि ती क्रॉसमेंबरवर (फ्रेमच्या आडव्या तुळईवर) येते. अडचण टळत नाही, फक्त जागा बदलते. म्हणूनच शेव्रोलेच्या व्हेगा गाडीचा छोटा स्टेअरिंग बॉक्स १९७० च्या दशकापासून इतका लोकप्रिय झाला, तो फ्रेमच्या पुढच्या भागात, इंजिनपासून लांब बसतो.

आणि चौथा अर्थ, कॅटलॉगचा, खरा घोळ इथं आहे. १९७० ला इलिनॉयमधल्या पियोरियाला देशभरातल्या स्ट्रीट रॉडचा (रस्त्यावर चालवायच्या हॉट रॉडचा) पहिला मोठा मेळावा झाला, आणि पुढे हे मेळावे भरवणाऱ्या संघटनेनं गाडी १९४९ च्या आधीची हवी अशी रेषा आखली. ह्या रेषेवर नंतर कैक वर्षं भांडणं झाली, १९५० वाल्यांना वाटायचं आपल्याला बाहेर का ठेवलं, शेवटी खूप उशिरा ती संघटनाही वयाच्या अटीवर आली. मला विचाराल तर रेषा तांत्रिकदृष्ट्या बरोबर जागी होती, कारण १९४९ च्या फोर्डला पहिल्यांदा स्वतंत्र पुढचं सस्पेन्शन आलं, आडवी स्प्रिंग गेली, चाकाच्या बोल्टचं सर्कलसुद्धा साडेपाच इंचावरून साडेचार इंचावर आलं. त्याच्या पलीकडे खरंच दुसरी गाडी सुरू होते. पण रेषेचा एक परिणाम असा झाला की १९४९ च्या आधीच्याच बॉडीची मागणी वाढली, आणि खऱ्या पत्र्याच्या बॉडी काही वाढणाऱ्या नव्हत्या. मग फायबरग्लासच्या बॉडी, नवीन दाबून काढलेल्या १९३२ च्या फ्रेमच्या रेल (बाजूच्या लांब तुळया), आणि ह्या सगळ्याला लागणारे ‘बोल्ट-ऑन’ किट.

कॅटलॉगातल्या बोल्ट-ऑनचा अर्थ काय, तर किट बनवणाऱ्यानं एका सरळ, नव्या, मापात असलेल्या फ्रेमवर ते बसवून बघितलंय. तुमच्याकडची रेल मात्र नव्वद वर्षांची, एकदा मागून ठोकर खाल्लेली, मध्ये कुणीतरी इंजिन माउंटसाठी जाळून भोकं पाडलेली. दोन्ही बाजूंच्या कर्णांची मापं घेतली तर पाव इंचाचा फरक निघतो. किट चुकीचं नाही, तुमची गाडी पण चुकीची नाही, दोघांची गाठच पहिल्यांदा पडतेय. मॉडेल ए ची बॉडी १९३२ च्या फ्रेमवर हे तर इतकं नेहमीचं कॉम्बिनेशन की लोक ते तयारच मिळतं असं धरून चालतात, प्रत्यक्षात ए चा व्हीलबेस १०३.५ इंच, ड्यूसचा १०६, आणि ड्यूसच्या रेलची बाजूची वळणं ए च्या बॉडीच्या खालच्या कडेशी जुळत नाहीत, रेल आत दाबाव्या लागतात किंवा बॉडीच्या खालच्या पट्ट्या नव्यानं कराव्या लागतात.

फोर्डच्या मस्टँग टू चं पुढचं सस्पेन्शन हे अजून एक. ती गाडी १९७४ ते ७८ एवढीच निघाली, पण तिची रॅक-अँड-पिनियन स्टेअरिंगची रचना इतकी आटोपशीर की चाळिशीच्या दशकातल्या गोल फेंडरच्या गाड्यांसाठी तीच पद्धत पडून गेली. बहुतेक किटमध्ये कंट्रोल आर्म, ब्रेक, रॅक सगळं बोल्टवर लागतं, पण ज्या क्रॉसमेंबरवर ते लागतं तो फ्रेमला वेल्ड करायचा असतो, आणि तोच सगळ्यात नाजूक टप्पा. गाडी पुढून किती झुकलेली राहणार हे आधी ठरवून फ्रेम त्या कोनात स्टँडवर ठेवायची, मग क्रॉसमेंबर लेव्हलला घ्यायचा. फेंडर लावून न बघता वेल्ड केलं आणि अर्धा इंच पुढे-मागे झालं, तर चाक फेंडरच्या गोलाच्या मधोमध दिसत नाही आणि ते आयुष्यभर डोळ्यात खुपतं. ग्राइंडर घेऊन कापून पुन्हा करणारे आहेत, त्यात लाज काहीच नाही.

एक बदल मात्र निखळ चांगला झाला, १९८० च्या दशकात घरच्या प्लगवर चालणारी छोटी मिग (तार आपोआप पुढे सोडणारी) वेल्डिंग मशीन आली. त्याआधी पत्रा गॅसनं जोडायचा म्हणजे उष्णतेनं वाकणार, मग हातोडी-डॉली घेऊन ठोकत बसायचं, आणि वरून शिशाचा थर. मिगनं टाके घालत, मध्ये गार होऊ देत, नवशिक्यालाही दाराच्या खालचा गंजलेला पत्रा बदलता यायला लागला. टाके सलग मारायची घाई केली की पत्रा आजही वाकतोच.

२००० नंतरच्या अडचणी वेगळ्या जातीच्या. २००० च्या दशकाच्या मध्यात इंजिन ऑइलमधलं झिंक कमी झालं, उत्सर्जनाच्या नियमांमुळे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावा म्हणून, आणि जुन्या फ्लॅट टॅपेटच्या (कॅमवर थेट घासणाऱ्या सपाट टॅपेटच्या) ३५० चे नवे कॅम पहिल्या वीस मिनिटांत घासून जायला लागले. त्या वीस मिनिटांत इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमवर ठेवायचं असतं, आयडलला सोडायचं नाही, आणि ऑइल ब्रेक-इनचं हवं. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांनी इंजिन पहिल्याच दिवशी पुन्हा उघडलं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप आणि पंपाचे डायफ्रॅम खाल्ले. १९९७ च्या कॉर्वेटपासून आलेलं एलएस इंजिन ताकदीला आणि विश्वासाला उत्तम, पण त्याबरोबर कॉम्प्युटर आणि वायरिंगचा गुंताही येतो, आणि ज्या माणसानं आयुष्यभर सहा व्होल्टची पॉझिटिव्ह अर्थची फोर्ड बघितली (फोर्ड बारा व्होल्टवर १९५६ ला आली) त्याला तो हार्नेस टेबलावर पसरलेला बघून धडकी भरते. साल कुठलं हा प्रश्नही कायद्यात आला. नव्या फ्रेमवर नवी फायबरग्लासची बॉडी असलेली गाडी कागदावर १९३२ ची म्हणायची का? कॅलिफोर्नियानं २००१ च्या कायद्यानं अशा स्वतः बांधलेल्या गाड्यांपैकी वर्षाला ५०० ना बॉडी ज्या सालची दिसते त्या सालानुसार धुराचे नियम लावायची मुभा दिली, त्यामुळे तिथं गाडी नोव्हेंबरात तयार झाली तरी बरेच जण जानेवारीची वाट बघायचे.

ह्या सगळ्यातून आजची कामाची रीत तयार झाली: आधी कोऱ्या पत्र्यात सगळी गाडी जोडून बघायची, ज्याला मॉक-अप म्हणतात, शक्य असेल तर त्याच अवस्थेत चालवायची, आणि मग पूर्ण उघडून रंगाला द्यायची. बऱ्याच प्रोजेक्टचं काम थांबतं ते ह्या उघडण्यानंतर. पुढे नोकरी, मूलबाळ, पाठदुखी काहीही मध्ये येतं, दोन वर्षं जातात, आणि कुठल्या बॉडी माउंटखाली दोन वॉशर होते आणि कुठे तीन हे आठवत नाही. म्हणून जाणती माणसं पिशव्यांवर मार्करनं लिहून ठेवतात, प्रत्येक शिम (माप जुळवायची पातळ चकती) जिथून निघाली तिथलं नाव. विक्रीच्या जाहिरातीत ‘नव्वद टक्के काम झालेलं’ असं लिहून येतात त्या गाड्या बहुधा ह्याच टप्प्यावरच्या, सगळे पार्ट खोक्यांत, पावत्यांसकट, आणि घेणारा त्या घरी आणून पहिल्या महिन्यात काय करतो तर पुन्हा मॉक-अप.