घड्याळ, जाळी आणि टेबल माउंटन: दक्षिण ध्रुवाजवळच्या अंधुक तारकासमूहांची पार्श्वभूमी

एप्रिल-मेच्या रात्री कोकण किनाऱ्यावरून दक्षिणेला पाहिलं की समुद्रावर जरा वर त्रिशंकू हा क्रुसासारखा तारकासमूह दिसतो, त्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. त्रिशंकूसाठी विश्वामित्राने दक्षिणेला नवे सप्तर्षी आणि नवी नक्षत्रं निर्माण केली, असं रामायणाच्या बालकांडात आहे. दक्षिणेचं आकाश खरोखरच पुन्हा एकदा रचलं गेलं, पण ते फार उशिरा, अठराव्या शतकात.

मुंबईचा अक्षांश १९ अंश. त्यामुळे दक्षिण ध्रुवाभोवतीचं १९ अंशांपर्यंतचं आकाश तिथून कधीच उगवत नाही. त्या भागात ठसठशीत म्हणावा असा एकही तारा नाही. ध्रुवाजवळचा सिग्मा ऑक्टंटिस जेमतेम ५.४ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक), म्हणजे शहरातून दिसायचाच नाही. (ब्राझीलच्या झेंड्यावर मात्र तो आहे, राजधानीच्या जिल्ह्याचा तारा म्हणून.) टॉलेमीने दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाहून ४८ तारकासमूह नोंदवले, तेव्हा हा भाग त्याच्या क्षितिजाखालीच होता. हे आकाश रिकामं होतं ते युरोपच्या नकाशांपुरतं. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींना तर आकाशगंगेच्या काळ्या पट्ट्यांतही इमू पक्षी दिसत होता.

१५९५ साली मसाल्यांच्या शोधात निघालेल्या डच जहाजांवर पीटर कायझर आणि फ्रेडरिक डी हौटमन यांनी दक्षिणेचे तारे मोजले. कायझर प्रवासातच वारला. हौटमन पुढच्या सफरीत सुमात्रातल्या अचेमध्ये कैद झाला, तिथेही तारे टिपत राहिला, आणि १६०३ मध्ये त्याने ३०३ ताऱ्यांची यादी छापली ती चक्क मलय भाषेच्या शब्दकोशाला जोडून. या दोघांच्या मोजणीतून मोर, टूकान, सरडा, उडणारा मासा असे १२ समूह आले. तरी मधल्या अंधुक जागा उरल्याच.

त्या भरल्या निकोला-लुई द लाकाय या फ्रेंच धर्मगुरूने. १७५१ मध्ये तो केपटाऊनला पोचला आणि पुढच्या वर्षभरात त्याने जवळजवळ १०,००० ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या. दुर्बीण किती मोठी असावी? भिंगाचा व्यास जेमतेम अर्धा इंच, आवर्धन आठपट. ती उत्तर-दक्षिण रेषेत पक्की बसवलेली. दृष्टिक्षेत्रात शंकरपाळ्याच्या आकाराची जाळी. पृथ्वी फिरते तसा तारा एका कडेने आत येतो, दुसरीकडून बाहेर पडतो, आणि शेजारी लंबकाचं घड्याळ टिकटिकत असतं. आत-बाहेर होण्याच्या वेळांच्या मधला क्षण घेतला की पूर्व-पश्चिम जागा कळते. तारा जाळीत किती वेळ राहिला यावरून तो रुंद भागातून गेला की टोकाजवळून, म्हणजे उत्तर-दक्षिण जागा निघते. इतक्या साध्या साधनांनी आणि अशा चिकाटीने झालेलं दुसरं काम मला तरी आठवत नाही.

त्याने १४ नवे समूह केले, आणि नावं पुराणांतून घेतली नाहीत. लंबकाचं घड्याळ, जाळी, ऑक्टंट (कोन मोजायचं साधन), दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, कंपास, हवेचा पंप, भट्टी, शिल्पकाराची कार्यशाळा. यातली काही तर रोज रात्री त्याच्या हाताखालचीच. अनेकांना ही नावं रुक्ष वाटतात. मला त्यांत कृतज्ञता दिसते. यातला दुर्बीण हा समूह मात्र त्याने आकाशात फार लांबट आखला होता. पुढे तो छाटला गेला आणि त्याचा बीटा तारा धनू राशीत गेला, आज तो ईटा सॅजिटेरी.

एकच नाव कला-विज्ञानाच्या साधनांशी जोडलेलं नाही: मेन्सा, म्हणजे टेबल माउंटन. ज्या डोंगराच्या पायथ्याशी तो रात्री जागला, तोच त्याने वर नेला. त्या डोंगरावर ढगाची चादर उतरते, तसाच मेन्साच्या कडेवर मोठा मॅगेलनी मेघ, म्हणजे ढगासारखी दिसणारी शेजारची दीर्घिका, टेकलेला असतो. ८८ समूहांत मेन्सा सर्वांत अंधुक. त्याचा ठळकातला ठळक तारा ५.१ प्रतीचा. गोव्याहूनही त्याचा फक्त उत्तरेकडचा काठ क्षितिजावर चार-पाच अंश चढतो, म्हणजे समुद्राच्या धुरकट हवेत तो हरवतोच.

लाकाय १७६२ मध्ये वारला. पुढच्या वर्षी निघालेल्या त्याच्या ग्रंथात फक्त १,९४२ ताऱ्यांच्या जागा होत्या. बाकीच्यांचं गणित कुणीतरी करायचं राहिलं होतं. सगळे ९,७६६ तारे छापून यायला १८४७ उजाडलं.