किशोरवयीन स्कोलिओसिसमधील अंसफलकाची हालचाल

पाठीचा कणा बाजूला वळून त्यातील मणके स्वतःभोवती फिरल्यामुळे (या विकृतीला स्कोलिओसिस म्हणतात) खांद्याच्या पात्याच्या, म्हणजे अंसफलकाच्या, स्थितीत आणि गतीत होणारा बदल. क्ष-किरण चित्रावर मोजलेला कॉब कोन, म्हणजे वक्रतेच्या दोन टोकांच्या सर्वाधिक कललेल्या मणक्यांमधील कोन, 10 अंश किंवा त्याहून अधिक असल्यास स्कोलिओसिसचे निदान करतात. साधारण 10 ते 18 या वयात आढळणाऱ्या, निश्चित कारण न सापडणाऱ्या प्रकारातील मोठी वक्रता मुलांपेक्षा मुलींमध्ये बरीच अधिक दिसते.

अंसफलक दुसऱ्या ते सातव्या बरगडीच्या पातळीवर असते. बरगड्यांशी त्याचा सांधा नसतो. धडाच्या सांगाड्याशी ते फक्त जत्रुकास्थीमार्फत (गळ्याखालच्या आडव्या हाडामार्फत) जोडलेले असून स्नायूंच्या आधाराने छातीच्या पिंजऱ्यावरून सरकते. हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या सुमारे 180 अंशांच्या हालचालीपैकी जवळजवळ 60 अंशांचा वाटा या सरकण्या-फिरण्याचा असतो. त्यामुळे पात्याखालची बैठकच असमान झाली की हात उचलण्याची पद्धत बदलणे ओघानेच येते.

छातीच्या भागातील वक्रता बहुधा उजवीकडे असते. बहिर्वक्र, म्हणजे कणा बाहेर फुगलेल्या, बाजूच्या बरगड्या मागे ढकलल्या जाऊन उंचवटा तयार होतो आणि त्यावरचे पाते उठून दिसते. अनेक पालकांच्या लक्षात सर्वप्रथम येते ते हेच, आणि पुढे वाकायला सांगून केलेल्या तपासणीत ते अधिक स्पष्ट होते. हे पाते सामान्यतः पुढे कललेले व आत वळलेले असते. अंतर्वक्र, म्हणजे त्याविरुद्धच्या आत वळलेल्या, बाजूच्या बरगड्या पुढे गेल्याने तिकडचे पाते तुलनेने सपाट भागावर टेकते. शिवाय पात्याला हलवणाऱ्या स्नायूंपैकी ट्रॅपिझियस स्नायूचा मोठा भाग मणक्यांपासून आणि सेरेटस अँटिरिअर बरगड्यांपासून निघत असल्याने या स्नायूंची लांबी व ओढीची दिशा दोन्ही बाजूंना वेगवेगळी होते.

खांदेदुखीच्या तपासणीत एका बाजूची तुलना दुसऱ्या, निरोगी मानलेल्या बाजूशी करण्याची सवय येथे दिशाभूल करते, कारण वक्रतेने दोन्ही पाती आपापल्या परीने बदललेली असतात. म्हणून तुलना समवयस्क निरोगी मुलांशी करणे अधिक योग्य ठरते. मोजमापही सोपे नाही. पाते त्वचेखाली सरकत असल्याने त्वचेवर लावलेले संवेदक त्याची हालचाल हुबेहूब टिपत नाहीत, विशेषतः हात डोक्याच्या वर गेल्यावर.

पात्याभोवतालच्या स्नायूंचे व्यायाम भौतिकोपचारात दिले जातात. खांद्याचे कार्य सुधारणे हा त्यांचा उद्देश असतो. वाढीच्या वयात वक्रता रोखण्यासाठी लागणाऱ्या ब्रेसची (धडाभोवती घालायच्या आधारपट्ट्याची) किंवा तीव्र वक्रतेतील शस्त्रक्रियेची जागा ते घेत नाहीत.